बाजारात केलेली तलावाची यादी

५ ऑगस्ट २०२३, शनिवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. ब्रह्मपुरीतील माझ्या घराचे फाटक वाजले. भाताच्या रोवणीचे दिवस होते. त्या दिवसांत शेतातली बांधी सोडून कोणी शहरात येत नाही. तेव्हा काम निकडीचे असावे, असे मी समजलो.

फाटकात बाप आणि मुलगी उभी होती. बाप चौदा किलोमीटरवरच्या गावचा, तिथल्या मच्छीमार संस्थेचा सचिव. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पिंढऱ्यांवर वाळलेला चिखल. मुलगी आमच्याच महाविद्यालयातून त्या वर्षी बी.एस्सी. झाली होती. मी तिला शिकवले नाही; ती आली तेव्हा मला निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली होती. प्राणिशास्त्राचा जुना विभागप्रमुख म्हणून ती मला ओळखत होती. मी तिच्या आजीला ओळखत होतो. आजी आठवडी बाजारात मासे विकत असे.

पाय चिखलाचे म्हणून बाप आत येईना. मी दोन खुर्च्या व्हरांड्यात मांडल्या. तो तरीही पायरीवरच बसला.

मुलीकडे प्लास्टिकच्या पिशवीत दोन कागद होते. दोन्ही नागपूरचे. एक एम.बी.ए.च्या प्रवेशाचा, दुसरा प्राणिशास्त्रातील एम.एस्सी.चा. दोहोंपैकी एक जागा त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत संगणकावर पक्की करायची होती. दुसरी आपोआप जाणार होती.

“तीन दिवस झाले, घरात हेच चालू आहे,” बाप म्हणाला. “हे रडते, हिची माय रागावते, अन् रोवणीवाल्या बाया बांधीत माही वाट पाहून राह्यल्या. शेवटी म्हटलं, आपल्याले यातलं काई समजत नाई. सर जे म्हणतीन ते. तिनंही कबूल केलं.”

मुलीने मान हलवली.

लोक वर्षानुवर्षे माझ्याकडे असे कागद घेऊन येत आले आहेत. मला ते आवडत असे. विचारणाऱ्याचा निर्णय आपल्या एका वाक्यावर अडला आहे, या जाणिवेत सुख असते आणि मी ते पुष्कळ घेतले आहे. त्या दिवशीही मी चष्मा पुसला, दोन्ही कागद सावकाश वाचले आणि मग तिला विचारले की तिची स्वतःची इच्छा काय.

तिने पिशवीतून तिसरा कागद काढला. ती झेरॉक्स होती, पुष्कळदा घडी पडलेली. वर माझे नाव होते. माझ्या डॉक्टरेटच्या प्रबंधातील चार पाने: त्यांच्या गावच्या तलावातील माशांची यादी. तीन नावांखाली लाल रेघा होत्या.

मग तिने जे सांगितले, ते मला तोवर ठाऊक नव्हते. काही वर्षांपूर्वी तलावाच्या ठेक्याचे नूतनीकरण होते. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने हीच यादी सोबत आणली होती. त्याने जाळ्यात आलेले मासे यादीशी ताडून पाहिले. तीन जाती सापडल्या नाहीत. बारीक जाळी लावून तुम्हीच ते मासे संपवले, असे त्याने संस्थेच्या लोकांना सुनावले आणि तसा अहवाल दिला. तलावाचा निम्मा भाग दोन वर्षे मासेमारीस बंद झाला. त्या दोन वर्षांत गावातील ढिवर मच्छीमारांची काही घरे कामासाठी तेलंगणात गेली. दोन घरे अजून परतली नाहीत.

“मले हेच शोधायचं आहे, सर,” ती म्हणाली. “ते तीन मासे कधी गेले अन् काऊन गेले. आमच्या जाळ्यांनी गेले, की धानाच्या औषधानं, की गाळानं. एम.एस्सी.च्या प्रकल्पाले हाच विषय घेईन. तुमची यादी पायाभूत धरून.”

पायाभूत हा शब्द तिने पुस्तकातून उचलला होता आणि तो ती जपून उच्चारत होती.

आता यादीविषयी. तीस वर्षांपूर्वी मला बढतीसाठी डॉक्टरेट हवी होती. मार्गदर्शकाने तलाव ठरवून दिला. दर पंधरवड्याला तिथे जायचे, पाण्याचे तापमान घ्यायचे, जाळे टाकवून नमुने गोळा करायचे, असे दोन वर्षांचे काम. मी दोनदा गेलो. बस फाट्यावर सोडत असे. पुढे बांधावरून चालावे लागे आणि काठाला मांडीभर चिखल असे. मला चिखलाची किळस येत असे. दुसरे कोणतेही कारण नव्हते.

त्यानंतर मी नमुने बाजारातून घेतले. या मुलीच्या आजीच्या टोपलीत त्यांच्या तलावाचे मासे असत आणि वैनगंगेचेही असत. ती ते मिसळू देत नसे. मध्ये पळसाचे पान आडवे ठेवी. मी पहिल्याच दिवशी विचारले तेव्हा तिने बोट ठेवून सांगितले की हे तलावाचे, हे नदीचे. मी दोन्हीकडचे घेतले. शिंगाळा आणि आणखी दोन जाती पानाच्या नदीकडच्या बाजूच्या होत्या. हे मला लिहिताना आठवत होते. पण त्यांच्यावाचून यादी लहान दिसत होती. तापमानाचे आकडे मी घरी टेबलाशी बसून भरले. परीक्षकांनी सातत्यपूर्ण क्षेत्रकार्याबद्दल विशेष प्रशंसा केली.

हे सर्व त्या सकाळी व्हरांड्यात माझ्यासमोर होते. तलाव दोन वर्षे कशामुळे बंद राहिला, ते मला त्याच मिनिटाला कळले होते. मुलगी दोन वर्षे खपली तर तिला काय सापडेल, हेही दिसत होते. एकतर तिला सत्य सापडेल, किंवा माझ्यावर विश्वास ठेवून ती कधी नसलेल्या माशांच्या नाहीशा होण्याची कारणे लिहील.

मी म्हणालो, “एम.बी.ए. कर.”

नंतर मी जवळजवळ पाऊण तास बोललो. मी मितभाषी समजला जातो. एम.एस्सी. करून काय होते, ते मी तिला सांगितले. एटापल्लीकडच्या एखाद्या आश्रमशाळेत तासिकेवर शिकवशील आणि दर जूनला पुन्हा अर्ज करशील. माझा एक हुशार विद्यार्थी एम.एस्सी. होऊन आज माजरीला कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर बसतो. हे खरे होते. याउलट तुमच्या संस्थेला व्यवस्थापन जाणणारे माणूस हवे आहे. मासा काठावरच व्यापाऱ्याच्या हाती जातो आणि नागपूरला चौपट भावाने विकला जातो. बर्फ, गाडी, थेट विक्री हे कोण उभारणार? हेही खरे होते. मी सांगितलेल्या गोष्टींत खोटी एकही नव्हती. एक फक्त मी सांगितली नाही.

तिने दोनदा विषयाकडे वळण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी मी जरा कडक शब्दांत म्हणालो की तलावाचे प्रश्न भावनेने सुटत नसतात. तिने झेरॉक्स घडी करून पिशवीत ठेवली.

बापाचा चेहरा मला नीट वाचता आला नाही. तो सबंध वेळ पिंढरीवरचा चिखल नखाने खरवडत होता आणि खाली पडलेले तुकडे गोळा करून फाटकाबाहेर टाकत होता. उठताना तो मुलीला म्हणाला, “चाल बेटा. सरांनं सांगितलं, झालं मंग.”

मुलगी पायरी उतरून थांबली. “सर, एक सांगू? आजी म्हणत जाये, हे तीन मासे तलावात नव्हतेच. शेवटल्या वर्षी तर रोज म्हणे. मी तिच्याशी भांडली. म्हटलं, तू अंगठेबहाद्दर, सरांचं पुस्तक खोटं कसं राहीन? त्याच्यानंतर ते कधीच बोलली नाई त्या गोष्टीवर.” मग जरा हसून म्हणाली, “म्हातारी झाली होती.”

आजीला जाऊन दोन वर्षे झाली होती, हे मला माहीत होते. मी “हं” म्हणालो. ती दोघे गेली.

मी जेवलो. दुपारी झोपण्याची माझी सवय आहे. त्या दिवशीही मी झोपलो. नंतर सांगताना मी जागाच होतो असे म्हणण्याचा मोह होईल, म्हणून हे लिहून ठेवतो. अडीचला जाग आली. घड्याळ पाहिले आणि मनात पहिला विचार आला तो असा की अजून पाच वाजले नाहीत. त्या विचारात निराशा होती. पाच वाजून गेले असते तर बरे झाले असते, असे मला वाटत होते. मी काही वेळ पलंगावर तसाच बसलो. मग चप्पल घालून निघालो.

बसस्थानकासमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारे दुकान आहे. ती दोघे तिथेच होती, कारण सर्व्हर सकाळपासून बंद होता. सातबाऱ्यासाठी आलेली सात-आठ माणसे बाकावर बसली होती. दुकान चालवणारा तरुण पडद्याकडे पाहत एकेकाला तेच उत्तर देत होता.

“सर्व्हर जेवाले गेला का बे?” बापाने त्याला विचारले.

“जेवून झोपला, भाऊ. तुमच्याच गावचा दिसते.”

बाकावरची माणसे हसली. मला पाहून ती सरकली आणि मला जागा करून दिली. मी बसलो नाही. मुलीला जरा बाहेर ये म्हणालो. ती बापालाही घेऊन आली. दुकानाच्या बाजूला पत्र्याची पडवी आहे, तिथे झेरॉक्सचे यंत्र असते. तिथे उभे राहून मी सांगितले.

मी काही तयारी करून गेलो नव्हतो. म्हणालो, “ते तीन मासे तुमच्या तलावात नव्हते. मी यादी तलावावर केली नाही. बाजारात केली. तुझ्या आजीने मला सांगितले होते की ते नदीचे आहेत.”

मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. बाप रस्त्याकडे पाहत होता. तोच आधी बोलला, आणि त्याचा आवाज नेहमीसारखाच होता.

“मले माहीत होतं, सर. माय सांगे. सर लय चांगले, पण पाय ओले करत नाई, असं म्हणे. साऱ्या गावाले माहीत होतं.”

मी विचारले, मग त्या अधिकाऱ्याला का सांगितले नाही.

“कशाच्या भरोशावर सांगाचं? यादीवर तुमची सही. आमच्या अर्जावर अंगठे.”

“आणि हिला?”

“हे तुमच्याच नावानं शिकून राह्यली होती. लहानपणापासून. आमच्या तलावावर एका सरांनं पुस्तक लिहिलं, म्हणून सांगे सगळ्याइले. ते कशाले तोडाचं, म्हटलं. सकाळी वाटलं, आता सर स्वतःच सांगतीन. मी वाट पाहिली.”

म्हणजे मी पाऊण तास बोलत होतो तेव्हा पायरीवर बसलेल्या माणसाला माझ्या प्रत्येक वाक्याचे कारण ठाऊक होते. तो ऐकत होता आणि माझ्या पायरीवरचा चिखल उचलत होता.

मुलीने मग प्रश्न विचारले. ते आवाज न चढवता, एकामागून एक विचारले. बाकीचे मासे? मी म्हणालो, बाकीचे तलावाचे आहेत. तुझ्या आजीने तसे सांगितले म्हणून. मी स्वतः पाण्यातून निघालेला एकही पाहिला नाही. तापमान? मी म्हणालो, घरी बसून लिहिले.

“ते आकडे मी पाठ केले होते,” ती म्हणाली.

आतून दुकानदाराने हाक मारली; सर्व्हर सुरू झाला होता. तिचा क्रमांक पहिला होता. ती आत जाऊन खुर्चीवर बसली आणि मी तिच्या मागे उभा राहिलो. मला वाटत होते की आता ती एम.एस्सी.च घेईल. माझ्यासारख्याने जे बिघडवले ते नीट करायला ती आता नक्कीच जाईल, अशी काहीतरी माझी समजूत होती. त्या समजुतीनेच मला येथवर चालत येता आले असावे.

दुकानदाराने विचारले, “कोणतं लॉक करू?”

“एम.बी.ए.”

मी मध्ये बोललो. सकाळी मी जे सांगितले ते विसर, असे म्हणालो. आता तर तलावाची खरी यादी व्हायलाच हवी, तिथे काम आहे, मी लागेल ती मदत करीन.

ती मागे वळली नाही. “आता काय शोधू, सर? मले जे शोधायचं होतं ते तुमी बाहेर सांगून देलं.” मग म्हणाली, “अन् दोन वर्षं पुस्तकं वाचाची. कोणतं घरी बसून लिहिलं, हे मले कसं समजन?”

दुकानदाराने आमच्याकडे पाहिले. त्याने पुन्हा विचारले. तिने पुन्हा तेच सांगितले. त्याने बटण दाबले. तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

तिने निवडले ते वाईट होते, असे मी म्हणणार नाही. सकाळी मीच त्याचे गुण सांगितले होते आणि ते गुण दुपारीही तेवढेच होते. पण सकाळी मला जे हवे होते ते मला मिळाले, आणि तेही खरे बोलून मिळाले, हे तिथे उभे असताना मला कळले. तिला मी दोनदा अडवले: आधी लपवून, मग सांगून. माझ्या हयातीत तो तलाव आता कोणी मोजणार नाही.

पावती छापून झाल्यावर तिने दुकानदाराकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि तो माझ्यासमोर ठेवला.

“हे लिहून द्या, सर. संस्थेसाठी. पुढच्या वर्षी ठेका आहे.”

मी उभ्यानेच काउंटरवर लिहिले. सरकारी पत्रव्यवहाराची मला सवय आहे. ‘सदर प्रबंधातील मत्स्यजातींच्या नोंदीत अनवधानाने काही त्रुटी राहून गेल्या असून’ असे सुरू केले आणि एका परिच्छेदात संपवले. सही केली. तिने वाचले आणि कागद परत केला.

“अनवधानाने नाई, सर.”

मी तो शब्द खोडला.

“अन् राहून गेल्या नाई. तुमी तलावावर गेलेच नाई, असं लिहा. ते मासे नदीचे आहेत हे तुमाले तवाच सांगितलं होतं, तेही लिहा. कोणी सांगितलं ते लिहा.”

बाप म्हणाला, “बस झालं, बाई. सर वयानं मोठे आहेत.”

“मंग मोठ्या अक्षरात लिहितीन,” ती म्हणाली.

बाकावर कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. तिथे बसलेल्या माणसांपैकी निदान दोघे माझे विद्यार्थी होते. दुकानदाराने दुसरा कागद दिला. मी पुन्हा लिहिले. या वेळी वाक्ये लहान झाली. मी दोनदाच गेलो. नमुने बाजारातून घेतले. हे तीन मासे वैनगंगेचे आहेत, असे मासे विकणाऱ्या बाईंनी मला त्याच दिवशी सांगितले होते. मी ते जाणूनबुजून तलावाच्या यादीत घातले. तलावातील मासेमारांचा यात काहीही दोष नाही. बाईंचे पूर्ण नाव मला आठवत नव्हते. बाजारात सगळे तिला बाई म्हणत. मीही तेच म्हणत असे. मुलीने नाव सांगितले, मी लिहिले. खाली तारीख आणि सही.

तिने तो कागद दोनदा वाचला. पडवीतल्या यंत्रावर प्रती काढल्या, मूळ कागद स्वतःच्या पिशवीत ठेवला आणि दोन प्रती मला दिल्या. बापाने नमस्कार केला. मुलीने केला नाही. मोटरसायकलवर बसताना बाप तिला म्हणत होता की अजून दोन तास उजेड आहे, एक बांधी होऊन जाईन.

घरी आल्यावर मी दोन पाकिटे काढली आणि प्रत्येकात त्या कागदाची एक प्रत घातली. एक मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयासाठी होते. दुसरे मला डॉक्टरेट देणाऱ्या विद्यापीठासाठी. ते तिने मागितले नव्हते. त्याच्यासोबत वेगळे पत्र लिहावे लागले, कारण दुकानात लिहिलेल्या कागदात तापमानाच्या आकड्यांचा उल्लेख नव्हता. ते चार ओळींत झाले.

टपाल कार्यालयाची खिडकी बंद झाली होती. रजिस्टर करायचे तर सोमवारपर्यंत थांबावे लागले असते. आणि सोमवारपर्यंत थांबलो असतो, तर मी ती पाठवली नसती. टेबलाच्या खणात जुनी तिकिटे होती. ती पुरेशी आहेत की नाहीत याची खात्री नव्हती, म्हणून सगळी लावली. पाकिटे डिंकाने बंद केली, वाळेपर्यंत हाताखाली दाबून धरली, आणि सव्वासहाला कोपऱ्यावरच्या लाल पेटीत दोन्ही टाकून आलो.